अर्धा कागद त्यांचा, अर्धा आमचा

ज्या पंचायत समितीच्या लेखा विभागात मी हयात घालवली, तिथे एक खुर्ची होती. म्हणजे नव्हती. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होती. ‘खुर्ची, लाकडी, हातांची, नग १२’ अशी वळणदार अक्षरातली नोंद होती, नगाला साडेबेचाळीस रुपये अशी किंमत होती, खाली त्या वेळच्या बीडीओ साहेबांची लफ्फेदार सही होती. मोजायला गेलं की अकरा भरत. खिडकीकडून मोजल्या तरी अकरा, दाराकडून मोजल्या तरी अकरा. बारावी कधी गेली, कुणी नेली, तिच्यावर शेवटचं कोण टेकलं होतं, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. पण दरवर्षी ऑडिट पार्टी आली की कार्यालयातली सगळ्यात मानाची खुर्ची तीच. बीडीओ साहेबांच्या फिरत्या खुर्चीबद्दल कुणी कधी इतक्या आस्थेनं चौकशी केली नाही.

मला ती वारसाहक्कानं मिळाली. चार्ज देताना माझ्या आधी ते टेबल सांभाळणारे भाऊसाहेब म्हणाले, “किल्ल्या घे, कॅशबुक घे, आणि हा खुर्चीचा पॅरा घे. मला माझ्या आधीच्यानं दिला होता. जपून वापर.”

ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही, त्या भाग्यवंतांना सांगायला हवं, की पॅरा म्हणजे ऑडिटचा आक्षेप, आणि तो ज्यातून उगवतो ते हाफ मार्जिन. ऑडिटवाले ओरडत नाहीत, टेबलावर हात आपटत नाहीत. ते शांतपणे एका कागदाला मधोमध उभी घडी घालतात, डाव्या अर्ध्यात आपला प्रश्न लिहितात आणि उजवा अर्धा तुमच्या उत्तरासाठी कोरा सोडतात. बस्स. त्या कोऱ्या अर्ध्या कागदाला मी जितका घाबरलो, तितका लग्नाच्या बोहल्यावरही घाबरलो नव्हतो. तिथे निदान सगळे मिळून अक्षता टाकत होते. इथे सही एकट्याची.

माझ्या पहिल्याच ऑडिटला ऑडिटच्या साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, “बारावी खुर्ची?”

“मोडली असणार, साहेब.”

“मोडकी दाखवा.”

“मोडून फार वर्षं झाली.”

“मग लाकूड असेल.”

“थंडीत बंबात घातलं असेल, साहेब.”

“बंबात घालायचा आदेश?”

मी गप्प.

“निरुपयोगी ठरवल्याचं प्रमाणपत्र? लिलावाची जाहिरात? बरं, ते राहू द्या. गरम पाणी कुणी वापरलं?”

त्यापाठोपाठ त्यांनी आणखी एक कागद दुमडला, कारण कार्यालयात बंब आहे हे माझ्या तोंडून निघालं होतं आणि रजिस्टरमध्ये बंबाची नोंद नव्हती. एक वस्तू कमी होती, ती कमीच राहिली. वर एक जास्त झाली.

खुर्चीचं रीतसर निर्लेखन करावं म्हणून मी कंबर कसली. त्यासाठी ती वापरण्यालायक उरलेली नाही, असं प्रमाणपत्र लागतं. बांधकामवाले म्हणाले, “देतो की. आधी खुर्ची दाखवा.” कुणीतरी सुचवलं, चोरीची तक्रार द्या. गेलो. ठाणे अंमलदारांनी पेन उघडून विचारलं, “चोरी कधी झाली?”

“वीसेक वर्षांपूर्वी.”

“संशय कुणावर?”

“संशयित सगळे पेन्शनवर आहेत.”

त्यांनी पेन मिटलं. शेवटी वैतागून मी ऑडिटच्या साहेबांना म्हणालो, “साडेबेचाळीस रुपये मी खिशातून भरतो.” ते मान वर न करता म्हणाले, “म्हणजे तुम्हीच नेली होती, असं लिहू?”

या पॅऱ्याचं अनुपालन घेऊन मी इतक्या वेळा जिल्ह्याला गेलो, की माझ्या प्रवासभत्त्यात कार्यालयाला एक सोफासेट आला असता. गंमत म्हणजे त्या भत्त्यावर कधीच आक्षेप निघाला नाही. एसटीची तिकिटं जोडलेली होती ना!

ऑडिट येणार असा निरोप आला, की आमच्या कार्यालयाचा कायापालट होई. वर्षभर जे रजिस्टर कपाटाचा डुगडुगता पाय सावरत असे, ते उपसलं जाई, त्याला नवं खाकी कव्हर चढे आणि आतल्या बारा महिन्यांच्या नोंदी एका संध्याकाळी, एका पेनानं, एका शाईत पूर्ण होत. अनुभवी मंडळी मात्र पेनं बदलत. भाऊसाहेब तर पावसाळ्यातल्या नोंदींवर दोन थेंब पाणी शिंपडत. त्याला ते ‘वस्तुनिष्ठता’ म्हणत.

तरी ऑडिटवाल्यांचे डोळे नको तिथेच जात. जीपचं लॉगबुक म्हणे, सतरा तारखेला गाडी तपासणी दौऱ्यावर ८४ किलोमीटर धावली. गॅरेजचं बिल म्हणे, सतरा तारखेला तिचं इंजिन बाहेर काढून ठेवलं होतं. दोन्ही कागदांवर आमच्याच सह्या. ड्रायव्हरला बोलावलं. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला, “साहेब, तिकडचा रस्ता सगळा उताराचाच आहे.”

मग चहाचं व्हाउचर निघालं. बैठकीला हजर नऊ, चहा बेचाळीस. उजव्या अर्ध्यात काय लिहावं, यावर आम्ही दुपारभर खल केला आणि ‘चर्चा प्रदीर्घ व सखोल झाली’ असं लिहिलं. त्यावर त्यांनी बैठकीचं इतिवृत्त मागितलं. इतिवृत्तात एकच वाक्य होतं: ‘कोरमअभावी सभा तहकूब.’

या माणसांना वश करायचे सगळे मार्ग आमच्या मंडळींनी चोखाळून पाहिले होते. मटणाचा बेत, मळ्यातली हुर्डा पार्टी, जवळच्या देवस्थानाचं दर्शन. पण एके वर्षी एक साहेब आले, तेव्हा आम्ही जेवणाचं विचारायला गेलो, तर त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पाण्याची बाटलीही स्वतःची. कार्यालयात सन्नाटा. जो माणूस आपलं पाणीसुद्धा पीत नाही, त्याच्याशी बोलायचं तरी कोणत्या विषयावर? भाऊसाहेब हळूच म्हणाले, “डब्यात काय आहे ते बघ जरा.” मी बघून आलो. “शेपूची भाजी.” भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. “संपलं. शेपू खाणारा माणूस कुठल्याच मोहाला बळी पडत नाही.”

बरं, विचारणारा एकटा असता तर निभावलं असतं. पंचायत समितीला विचारणारे चहूबाजूंनी. जिल्हा परिषदेच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांची, म्हणजे कॅफोंची माणसं येत. मग स्थानिक निधी लेखापरीक्षावाले येत. त्यांचा कायदा १९३० सालचा, म्हणजे खुर्चीपेक्षाही जुना. मग महालेखाकारांची पार्टी. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. ती जिल्ह्यात येणार म्हटलं की धडधाकट अधिकाऱ्यांचे रक्तदाब वाढत आणि वैद्यकीय रजेचे अर्ज येत. आमदार मंडळी ओळीनं बसत आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या आक्षेपांवर आजच्या अधिकाऱ्यांच्या साक्षी होत. ज्यानं खर्च केला तो नातवंडं खेळवत असे, आणि ज्यानं साक्ष द्यायची तो तेव्हा सातवीत असे. एकदा आमचे बीडीओ उठून म्हणाले, “महोदय, एका खुर्चीचा प्रश्न प्रलंबित आहे.” खुर्ची शब्द कानावर पडताच समितीतले सगळे सन्माननीय सदस्य सावरून बसले. इतका जिव्हाळ्याचा विषय दिवसभरात दुसरा निघाला नव्हता.

या सगळ्या उतरंडीच्या वर दिल्लीत भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक बसतात. राज्यघटनेच्या १४८व्या अनुच्छेदात त्यांची तजवीज आहे. संविधान सभेत १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांनी हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं मत मांडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवायला जी पद्धत, तीच यांना. आणि पद सोडल्यावर केंद्राची किंवा राज्याची दुसरी नोकरी घ्यायची मुभा नाही. म्हणजे आज काढून टाकण्याची भीती नाही आणि उद्या कुठे नेमणूक मिळण्याची आशा नाही. ज्याला भीतीही दाखवता येत नाही आणि आमिषही, असा माणूस सरकारनं स्वतःच्याच हिशेबावर बसवावा, हे घटनाकारांचं धाडस मला थक्क करतं. आमच्या भाऊसाहेबांना विचारलं असतं, तर त्यांनी निदान एखाद्या महामंडळाची फट ठेवली असती.

महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत गेला की तो लोकलेखा समितीपुढे येतो, आणि १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. ही योजना फारच मार्मिक आहे. कालपर्यंत ज्यांना ऑडिटचा अहवाल म्हणजे आकड्यांचा खेळ वाटत होता, ते विरोधात जाताच त्यातली तळटीपसुद्धा पाठ करतात. आणि जे तळटीप पाठ करून सत्तेत येतात, त्यांना वाचायला वेळ मिळत नाही. अहवाल तसाच राहतो. वाचणारे बाकं बदलतात.

२०२१ पासून १६ नोव्हेंबर हा लेखापरीक्षा दिन म्हणून पाळला जातो. १८६० साली त्याच तारखेला देशाच्या पहिल्या ऑडिटर जनरलनी कार्यभार स्वीकारला होता. चार्ज घेताना त्यांनी खोलीतल्या खुर्च्या मोजून घेतल्या असतीलच. मी भाऊसाहेबांना म्हणालो, “ऑडिटवाल्यांना शुभेच्छांचा फोन करावा का?” ते म्हणाले, “कर. पण फोनचं बिल कोणत्या लेखाशीर्षात टाकणार, ते आधी सांग.”

हिशेब तपासणीची ही हौस काही इंग्रजांनी आणली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. मी हे सांगितल्यावर भाऊसाहेबांनी संपूर्ण यादी लिहून मागितली, हेतू शैक्षणिक. तेव्हा हिशेबाचं वर्ष आषाढात संपे. सगळ्या खात्यांच्या हिशेबनिसांनी मोहोरबंद वह्या आणि शिल्लक घेऊन राजधानीला यायचं, आणि एकमेकांशी बोलायचं नाही, असा दंडक होता. आषाढात आपल्याकडे पंढरीची वाट धरतात. त्यांच्याकडे कारकून मनातल्या मनात नामस्मरण करत पाटलीपुत्राची वाट धरत असणार. बोलायला बंदी घालणारा तो कौटिल्य खरा जाणकार. दोन खात्यांचे हिशेबनीस चहाच्या टपरीवर भेटले की संध्याकाळपर्यंत दोघांचे आकडे जुळतात, हे त्यानं टपरी निघण्याआधीच ओळखलं होतं.

खुर्चीचा निकाल शेवटी भाऊसाहेबांनीच लावला. निवृत्तीला महिना उरला असताना एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. “मोज.” मी मोजल्या. बारा! लाकडी, हातांच्या, बाराच्या बारा. माझे डोळे भरून आले. पॅरा वगळला गेला. पेढे वाटले; पावती घेतली. पुढच्या वर्षी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक हातात दुमडलेला कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. “साहेब, आमच्या शाळेत एक खुर्ची कमी भरतेय हो.” आक्षेप काही मिटला नव्हता. त्याची फक्त बदली झाली होती.

मला वाटायचं, हा छळ सरकारी नोकरीतच आहे; खासगीत पैसे मालकाचे, म्हणून सगळा मोकळा कारभार. माझा मेहुणा चाकणच्या एका कारखान्यात आहे. तो म्हणाला, “भावोजी, तुमच्याकडे वर्षातून एकदा येतात. आमच्याकडे ते राहायलाच आहेत.” त्यांच्याकडे पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल हे तिन्ही जुळल्याखेरीज स्क्रूचेसुद्धा पैसे सुटत नाहीत. हा एकदा दौऱ्यावर असताना वडापाव खाऊन आला आणि बिलात तीस रुपये लावले. इंटर्नल ऑडिटनं पावती मागितली. दुसऱ्या दिवशी हा पावती मागायला गेला, तर वडापाववाल्यानं त्याला हाकललं. तेव्हापासून मेहुणा पावती देणाऱ्या वातानुकूलित ठिकाणी चारशे रुपयांचं सँडविच खातो. शेरा येतो: ‘नियमानुसार.’

इथेच मला या विद्येचं मर्म कळलं. २००९ सालच्या ७ जानेवारीला हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवलं, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नाहीतच. देश हादरला. मी तर खुर्चीला धरून बसलो. आमच्याकडे साडेबेचाळीस रुपयांची एक खुर्ची नव्हती, ती पहिल्या दुपारी सापडली. म्हणजे सापडली नाही. त्यांच्याकडे पाच हजार चाळीस कोटी नव्हते, आणि ते नसलेले पैसे वर्षानुवर्षं ऑडिटमधून सहीशिक्क्यानिशी पास होत होते. कारण काय? कागद पूर्ण होते! मुदत ठेवींच्या पावत्या होत्या, बँकेची पत्रं होती, ताळा जमत होता. खोटे असले म्हणून काय झालं, होते तर खरे. प्रामाणिक माणसाची पावती पावसात भिजते, धोब्याकडे जाते, उंदीर खातो. पैसे खाणाऱ्याची फाईल बघा: पानांना क्रमांक, कोपऱ्याला टॅग, वर अनुक्रमणिका. त्या फायलीत सापडत नाहीत ते फक्त पैसे.

त्यानंतर नियम कडक झाले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला एकच ऑडिट फर्म पाच-पाच वर्षांच्या दोन पाळ्यांपलीकडे सलग ठेवता येणार नाही, असं २०१३च्या कंपनी कायद्यानं ठरवलं. ऑडिटरांवर नजर ठेवायला २०१८ साली आणखी एक प्राधिकरण आलं. त्या प्राधिकरणाचंही ऑडिट होतच असणार. तिथेही कुणीतरी खुर्च्या मोजत असेल.

निवृत्तीनंतर आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. वाटलं, सुटलो. पण सहकारी गृहरचना संस्था म्हणजे १९६०च्या सहकार कायद्यानं घराघरांत पोचवलेली पंचायत समितीच. ३१ मार्चला वर्ष संपतं, नामतालिकेवरचा लेखापरीक्षक हिशेब तपासतो आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. पहिल्याच सभेत अहवाल हातात पडला आणि माझ्या अंगात आलं. उभ्या जन्मात उजव्या बाजूला बसलेल्या माणसाला अचानक डावी बाजू मिळाली होती.

“फिनेलवर ६,४०० रुपये?” मी कडाडलो. “एवढ्यात जिना काय, सभासदही निर्जंतुक झाले असते!”

टाळ्या पडल्या. मग मी कुंड्यांवर आलो, टाकीच्या झाकणावर आलो, वॉचमनच्या शिट्टीवर आलो. सेक्रेटरी बिचारा नोकरी सांभाळून फुकटात सगळ्यांची बोलणी खाणारा मुलगा. त्यानं शांतपणे माईक हातात घेतला. “काकांची एवढी तळमळ आहे, तर काकांनाच संस्थेचे अंतर्गत हिशेब तपासनीस नेमावं, असा मी ठराव मांडतो.” संस्थेच्या इतिहासात एकमतानं संमत झालेला हा पहिला ठराव. अनुमोदनाला सात हात वर आले, त्यातला एक आमच्या हिचा.

मी कामाला लागलो. वॉचमनकडे टॉर्चच्या जुन्या सेलचा हिशेब मागितला. गणेशोत्सवाची वही उघडली.

“मोदक एकशे एक्कावन्न. प्रसाद घेणारे अठ्ठ्याऐंशी. बाकीचे?”

“बाप्पानं खाल्ले असतील, काका.”

“पोच आहे का?”

महिन्याभरात लिफ्टमध्ये माझ्यासोबत कुणी चढेना. मी मजल्यावर उतरलो की दारं आतून लागत. शेजारून सणासुदीला येणारी खिरीची वाटी बंद झाली. कोजागरीला गच्चीवर सगळे मसाला दूध पीत असताना मी मात्र घरून थर्मास घेऊन गेलो. उगाच कुणी म्हणायला नको. मी सेक्रेटरीला फिनेलबद्दल रीतसर हाफ मार्जिन दिलं. दुसऱ्या दिवशी उजव्या अर्ध्यात उत्तर आलं: ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे.’ एक शब्द इकडचा तिकडे नाही! पोरगं आयटीत फुकट चाललंय, आमच्या लेखा विभागात सोनं झालं असतं.

घरी हिनं निक्षून सांगितलं, “मीठ संपलंय, घेऊन या. आणि पुडा मला द्या, पावती तुमच्या छातीशी धरून झोपा.”

वर्षअखेरीला नामतालिकेवरच्या लेखापरीक्षक आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या सीए. मी त्यांना माझा अंतर्गत तपासणीचा अहवाल दिला: पानांना क्रमांक, कोपऱ्याला टॅग, वर अनुक्रमणिका. त्यांनी तो आधी बोटानं आणि मग डोळ्यांनी तपासला. चहा नको म्हणाल्या. बाटली स्वतःची होती. माझ्या पोटात गोळा आला.

“काका, खर्चात एक लाल पेन दिसतंय. वीस रुपये. पावती?”

“कोपऱ्यावरच्या टपरीतून घेतलं. तो पावती देत नाही.”

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. मीच सवयीनं त्याला मधोमध उभी घडी घालून दिली. डावीकडे त्यांनी लिहिलं: ‘लाल पेन, नग १. पावती जोडलेली नाही.’ मी उजवीकडे, तेवढा सराव आहे मला, ताबडतोब लिहिलं: ‘पेन प्रत्यक्ष पडताळणीसाठी उपलब्ध आहे.’ आणि खिशातून काढून समोर ठेवलं.

त्यांनी पेन उघडलं, उजेडात धरून रिफिल पाहिली आणि माझ्या उत्तराखाली लिहिलं: ‘पडताळणी केली. शाई निम्मी आढळली. उर्वरित शाईच्या वापराची नोंदवही सादर करावी.’